अधू पायाची वाघीण

डोंगर जाळून नाचणी पेरायला साहेबाच्या सरकारानं कधीचीच बंदी घातली होती, पण अणशीच्या वरची नागूची वाडी त्याच नाचणीवर जगत होती. त्या शेतातूनच वाघिणीनं नागूच्या बायकोला, देवकीला, ओढून नेलं.

बाकीच्यांनी वाघिणीचा माग सोडून दिला. नागूनं सोडला नाही. ती मागचा डावा पाय जरा ओढत चालते, हे त्यानं चिखलातल्या ठशांवरून ओळखलं. खडकाळ उतार टाळून ती ओढ्यावर एकाच जागी पाण्याला येते, हेही त्याच्या ध्यानात आलं.

"पुरे कर की, बाबा. नाचणी राखायला कोण हाय?" म्हातारी आई म्हणायची.

तो नुसता "व्हय" म्हणायचा आणि पुन्हा ओढ्याची वाट धरायचा.

कणसं भरात आली त्या सुमाराला, एका सकाळी, त्यानं ठासणीच्या बंदुकीनं तिला आडवी केली. वाडीनं ढोल वाजवला. आई देवकीचं नाव घेऊन रडली.

बातमी ऐकून जंगलखात्याचा गार्ड डोंगर चढून वाडीवर आला. त्यानं वाघिणीचा अधू पाय उचलून पाहिला आणि नागूच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास रं नागू! हिच्या भ्यानं दोन वर्सं आमच्यातलं कुणी हिकडं पाऊल टाकलं न्हाई."

मग हात झटकत तो उभा राहिला आणि समोरच्या उताराकडं बघत म्हणाला,



"ही नाचणी कुणाची?"