धडकेचे फोटो

"कार्ड काढ," पाण्यातून यशोधन म्हणाला. "कॅमेऱ्यातलं कार्ड काढ आणि इकडे दे."

रश्मीच्या रबरी बोटीची दोरी त्याने घट्ट धरली होती. लाइफ जॅकेट हनुवटीपर्यंत चढलेलं, नाकातोंडातून खारं पाणी गळतंय, पण ऐट बघा मेल्याची! सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही. मागे त्याची शर्यतीची बोट कुशीवर आडवी पडली होती आणि पोटाखालचा सुरीसारखा पंख पाण्याबाहेर आला होता. नुसत्या वाऱ्यावर ही बोट पाण्यातून वर उचलली जाते, त्या पंखावर मोटारीच्या वेगाने पळते आणि आडवं कुणी आलं तर कापत जाते. आज दुसऱ्या बोटीवरचा सौमित्र आडवा आला होता. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. रेस्क्यू बोट त्याला घेऊन आत्ताच गिरगाव चौपाटीकडे गेली होती.

संध्याकाळी क्लबात चौकशी बसणार होती. या शर्यतीत वारा ज्याच्या उजव्या हाताला, मान त्याचा. दुसऱ्याने वाट द्यायची. वारा सौमित्रच्या उजवीकडे होता, म्हणजे वाट यशोधनने द्यायची होती. दिली की नाही, एवढाच सवाल. नाही असं ठरलं तर परदेशातल्या स्पर्धेतून यशोधनचं नाव कटलंच म्हणून समजा. आणि धडक जवळून पाहणारी बोट एकच होती, शर्यतीचे फोटो काढणाऱ्या रश्मीची. बोटीच्या नाकावर पालथी पडून, लांब लेन्स लावून, तिने धडक होईपर्यंत एकामागोमाग एक फोटो घेतले होते.

या माणसावर तिचा दात होता. गेल्या वर्षी तो मुद्दाम इतका खेटून गेला की उडालेल्या पाण्याने तिची नवी लेन्स कामातून गेली. वर हसून म्हणाला, "तू जाऊन लालबागच्या गणपतीचे फोटो काढ. तुला तेच जमेल." तेव्हापासून ती त्याच्या मागावर होती. हा सगळ्यांच्या वाटेत घुसतो, समोरच्याला पाण्यात पाडतो आणि चौकशीत गोड बोलून सुटतो. एकदा, फक्त एकदा हा माझ्या कॅमेऱ्यात सापडू दे, असं ती येताजाता म्हणायची.

सौमित्रला पाण्यातून वर घेत होते तेव्हाच तिने ते फोटो स्क्रीनवर मोठे करून पाहिले. पुन्हा पाहिले. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे फोटो चौकशीत द्यायचेच, तिने दात-ओठ खात ठरवलं.

तेवढ्यात यशोधन त्यांच्या दिशेने पोहत येताना दिसला. रश्मीची बोट दत्ताकाका चालवायचे. तिच्याच चाळीतला माणूस, तिचा रागलोभ सगळा ठाऊक असलेला. ते हळूच म्हणाले, "बघ गो. खाई त्याला खवखवे."

आणि आता तो दोरीला लोंबकळून हुकूम सोडत होता.

"कार्ड कशाला हवंय तुम्हाला?" रश्मीने विचारलं.

"नाटकं नकोत. फोटो नसले की शब्दाला शब्द. आणि क्लबात शब्द कुणाचा चालतो ते तुला माहितीये. तुझ्या पासवर सही कोण करतं? माझा मामा. उद्यापासून या पाण्यात पाय ठेवू देणार नाही तुला."

पास गेला की काम गेलं, हे तिला सांगायला नको होतं. कॅमेरा खाली धरून तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"आधी बघून तरी घ्या."

"मला काय दाखवतेस? मी होतो तिथे!"

"तुमच्या डोळ्यांपुढे शीड होतं. एकदा बघा, मी सांगते म्हणून."

"ए, कार्ड दे!" तो ओरडला आणि त्याने तिला आईवरून शिवी हासडली.

बस्स. रश्मीने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, कार्ड काढलं आणि त्याच्या ओल्या तळहातावर ठेवलं. यशोधनने कार्ड दातांत धरून कडकन मोडलं, तुकडे समुद्रात भिरकावले आणि तो हसत आपल्या बोटीकडे पोहत निघाला.

दत्ताकाकांचा पारा चढला. "अगो, दिलंस कित्याक? त्या सौमित्राचा हाड मोडला, आणि तू याच्या मामाक घाबारलंस? तोच एक पुरावो होतो!"

"होता ना," यशोधनच्या पाठीवरची नजर न हलवता रश्मी म्हणाली. "याने वेळेवर वाट दिली होती, काका. सौमित्रच याच्या अंगावर वळला."