जूनचा आकडा

"पुन्हा सोड," श्रीनाथ म्हणाला.

विनोदिनीने लाकडी पट्टी त्याच्या उघड्या चिमटीत वरून धरली आणि न सांगता सोडली. त्याने ती पकडली. सव्वीस सेंटीमीटर. पट्टी जितकी जास्त घसरून हाती येईल, तितका हात मंद.

दहा दिवसांपूर्वी चेंडू हेल्मेटवर आदळून तो खेळपट्टीवरच कोसळला होता. स्कॅनमध्ये काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, हालचाल पहिल्यासारखी होईपर्यंत मैदान बंद. आज निपाणीच्या संघाशी सामना होता आणि गडी सकाळीच पांढरे कपडे चढवून बसला होता.

विनोदिनीच्या जिवाला घोर लागला होता. परवा ओट्यावरून काचेचा पेला घरंगळला, तेव्हा तो नुसता बघत राहिला; पेला फुटल्यावर त्याचा हात पुढे आला. काल जिन्याची शेवटची पायरी चुकली. बोलून दाखवलं तर म्हणे, "तुला कायबाय दिसतंय गं."

पण आकड्यापुढे तिचं काय चालणार? ती शाळेत विज्ञान शिकवायची. हंगाम सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, क्लबातल्या सगळ्यांची पट्टी तिनेच मोजली होती. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला तर पुन्हा मोजायचं आणि जूनइतकं आलं तरच खेळू द्यायचं, हा नियमही तिचाच. त्या दिवशी एकजात सगळे मंद निघाले होते. ऑफिसच्या खुर्च्यांनी तुम्हाला पार गंज चढवलाय, म्हणून तिने त्यांची थट्टाही केली होती.

तिने वही उघडली. श्रीनाथ, जून: सव्वीस.

"आता तरी पटलं?" तो म्हणाला. "नियम तुझाच न्हवं?"

तिने आणखी तीनदा पट्टी सोडली. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस. आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही. आपणच मुलखाच्या भित्र्या, असं स्वतःला दटावून तिने वहीत 'खेळण्यास योग्य' लिहिलं आणि खाली सही केली.

तासाभराने ती मैदानाच्या कडेला बाकावर बसली होती. श्रीनाथ पहिला चेंडू खेळायला उभा राहिला. निपाणीचा दांडगा गोलंदाज लांबवर पावलं मोजत चालला होता. शेजारी परशराम पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत होता.

"वैनी, तोंड का उतरलंय?"

"आकडा जूनइतकाच आला हो. तरी मन काही मानत नाही."

गोलंदाज वळला आणि धावत सुटला.

"त्यो येणारच की," परशराम तिला धीर देत म्हणाला. "जूनमधी आमी समद्यांनी पट्टी मुद्दाम उशिरा धरलती. पुढं कुणाच्या डोस्क्याला लागलं, तर तुमच्या नियमात अडकाय नगं म्हणून. श्रीनाथअण्णाचीच आयडिया."