आबासिंगाची ढाल

पूनमसिंग भाटाने तोंडातलं पान थुंकलं, घसा साफ केला, आणि उत्तमसिंग सावरून बसला.

भीमसिंग नायकाच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. मधोमध परातीत गुळाची ढेप. तो गूळ फुटला की रुपीची आणि उत्तमसिंगाची सगाई पक्की. पण त्याआधी भाटाच्या तोंडून नवरदेवाच्या सात पिढ्या बाहेर यायच्या होत्या. ढाणकीकडच्या या तांड्यात रीतच तशी होती. बैलांवर मीठ-धान्य लादून देशभर फिरण्याच्या काळात कोण कुणाच्या तांड्यात मिसळलं, कुणी सांगावं? सात पिढ्यांत रक्त एक निघालं तर पोरगा-पोरगी भाऊबहीण ठरत. एखादी पिढी गाळलेली निघाली तर अख्खं घराणं संशयात जाई. भाट बोलला की विषय संपला.

उत्तमसिंगाच्या घराण्यात नेमकी पाचवी पिढी गाळलेली होती.

मागच्या साली, साठच्या उन्हाळ्यात, भीमसिंगाने त्याला याच अंगणातून परत पाठवलं होतं. "नाव नाही तं माणूस कोणाचा कोण? सात नावं घेऊन ये, मास्तर." स्वतः भीमसिंगाला त्याच्या पिढ्या विचारायची छाती मात्र कुणाची नव्हती. पोरीचा बाप, त्यातून तांड्याचा नायक.

रुपी बाजारात गाठून म्हणाली होती, "यंदाच्या दिवाळीपर्यंत मी बापूले थांबवून धरीन, दुसरं स्थळ पाहू देत नाही. पुढं माया हातात काही नाही." दिवाळी आता पंधरा दिवसांवर आली होती.

मास्तर अडचणीत सापडला की पुस्तकात तोंड घालतो. यवतमाळच्या वाचनालयातले वामनराव त्याला मायेने पुस्तकं देत. त्यांनीच दिलेल्या ग्रीक पुराणकथांच्या जाड पुस्तकात त्याला आबास भेटला. बाप राजा, दोन्ही पोरं राजे, नातीचा मुलगा तर जगजाहीर वीर. हा बिचारा मात्र अर्ध्या पानाचा धनी. त्याची एक ढाल होती. तो मेल्यावरसुद्धा ती नुसती दाखवली तरी शत्रू पळत सुटत. पोरं जुळी, आईच्या पोटापासूनच भांडणारी. एवढंच. अशा किरकोळ राजाला इथवर शोधायला कोण येणार होतं? उत्तमसिंगाने त्याच्या नावापुढे 'सिंग' लावलं आणि त्याला पाचव्या पिढीत बसवलं.

उमरखेडच्या बाजारात धोतरजोडी देऊन त्याने भाटाला सगळी हकीकत ऐकवली. वारलेल्या आत्याने सांगितली म्हणाला.

"थोरल्यापासून तुमचं घर चाललं," भाट म्हणाला. "मंग धाकट्याचं काय झालं?"

"भांडून निघून गेला. कुठं गेला, मालूम नाही."

भाटाने डोळे मिटून मान हलवली. तो एकदा ऐकलेलं विसरत नसे आणि कानावर पडलेलं काही वाया जाऊ देत नसे.

घरी आई हंसाबाईला खोटं ठाऊक नव्हतं. पूर्वजांच्या नावाने घास टाकताना ती आता आबासिंगाचंही नाव घेई. उत्तमसिंगाला ते पाहून घास उतरत नसे. तरी आजवर निभावलं होतं. आज मात्र अंगणात पाऊल टाकलं, आणि भीमसिंगाच्या शेजारी बसलेले पाहुणे पाहून तो जागीच थबकला.

ते वामनराव होते.

"आमचे जुने दोस्त," भीमसिंग म्हणाला. "मुद्दाम बलावले. शिकलेला माणूस असला म्हंजे बरं."

भाट सुरू झाला. स्वतः नवरदेव, मग बाप, आजा, पणजा.

"त्याचा बाप आबासिंग! त्याची ढाल दिसली का लुटारू पाठ दाखवत. तो मेला, तरी ढाल पाहून पळत. त्याले जुळे पोरं झाले, मायच्या पोटातच भांडले!"

वामनरावांनी झटकन मान वर केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग त्यांनी सरळ उत्तमसिंगाकडे पाहिलं.

"काहून, वामनराव?" भीमसिंगाने विचारलं. "आयकलेली वाटते का गोष्ट?"

आत दाराच्या फटीतून रुपीची बांगडी वाजली.

वामनरावांनी त्या दाराकडे पाहिलं. "मोठी घराणी सगळीकडं सारखीच, नायक," ते सावकाश म्हणाले. "अशी ढाल असतेच एखाद्याची."

उत्तमसिंगाच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. जन्मभर या माणसाचे पाय धुवावेत, असं त्याला वाटलं. भाटाने सहावी पिढी सांगितली, सातवी सांगितली. हंसाबाईने हात जोडले. भीमसिंगाने गूळ फोडायला बत्ता उचलला.

"थांब, नायक," भाट म्हणाला. "अजून झालं नाही. दोन साल झाले तू माया मागं लागला होता, माया आज्याच्या वरचं सांग म्हणून. धुंडून धुंडून थकलो. आता सापडलं."

भीमसिंगाचा हात हवेतच राहिला.

"आबासिंगाचा धाकटा पोरगा भांडून निघाला, तो पैनगंगेच्या काठानं इकडंच आला. तोच तुया आजा."

उत्तमसिंगाने तोंड उघडलं. आई हात जोडून बसली होती. वामनराव जमिनीकडे पाहत होते. त्याने तोंड मिटलं.

भीमसिंगाने बत्ता हळूच परातीत ठेवला. उठून उत्तमसिंगाला त्याने छातीशी घट्ट धरलं. एवढा दांडगा माणूस, पण हुंदका त्याला आवरेना.

"इतके साल मले वाटे, या दुनियेत मी एकलाच हाव," तो म्हणाला, आणि मग दाराकडे वळून त्याने मोठ्याने हाक मारली, "रुपी, बाहीर ये बाई! तुया भाऊ आला!"