अख्खा मठ

कतारमधल्या दोहा शहरात एका नव्या हॉटेलच्या बागेत जुना इंग्लिश मठ उभारायचा होता. नमुना म्हणून आर्किटेक्ट ज्ञानदाच्या हाती दोनशे वर्षांपूर्वीची ड्रॉइंग्ज आली. मठ तेव्हाच ओस पडलेला. छप्पर नाही, कमानी अर्ध्यावर तुटलेल्या; चित्रं काढणाऱ्यानं भिंतीतलं झुडूपसुद्धा सोडलं नव्हतं.

उरलेल्या दगडांवरून मापं बसवत तिनं तीन आठवड्यांत कॉम्प्युटरवर अख्खा मठ पुरा केला. त्यापायी भाचीच्या बारशाला नाशिकला जाणंही राहिलं.

प्रेझेंटेशन झाल्यावर तिचे बॉस कौशिकसर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काम देखणं झालंय गं. पण हॉटेलच्या मालकांना मठ पडकाच हवाय. चित्रात आहे तस्सा. लोक फोटो काढायला येतील म्हणतात."

"आधी सांगितलं असतं तर, सर..."

"मलाही आत्ताच कळलं. रविवारपर्यंत होईल ना?"

"होईल," म्हणत तिनं कॉम्प्युटर बंद केला.

घरी पोचते तोच आईचा फोन आला. "झाला का गं तुझा मठ बांधून?"

 

"झाला," दारातच टेकत ज्ञानदा म्हणाली. "उद्यापासून पाडायला घेतेय."