दारावरचं दुसरं बटण

छोट्या चिपमधलं सगळं पुसलं गेलं, तरी अब्बांची बेल वाजत होती. समीना पुन्हा दाराबाहेर गेली, पुन्हा बटण दाबलं. तीच धून. तिला काही उमजेना. मग ही छोटी चिप अब्बांनी बसवली कशाला?

भोरच्या त्या घराच्या चौकटीवर दोन बटणं होती. वरचं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं, त्याची साधी टिंगटाँग. खालचं अब्बांचं. कापूरहोळचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून आले की ते खालचं दाबायचे, आणि एरवी शिट्टीवर वाजवायचे ती धून घरभर घुमायची. बेलचा बोर्ड त्यांनी हौसेनं स्वतः जुळवला होता. त्यावर एक मोठी चिप, एक छोटी.

अब्बांना जाऊन महिना होत आला होता. तशीच दुसरी बेल करून समीनाला पुण्याच्या घराला लावायची होती. आल्यापासून ती त्याच खटपटीत होती. लॅपटॉपपासून बोर्डापर्यंतची केबल नीट चालते का हे बघायला तिनं दिवा लुकलुकवणारा एक छोटासा प्रोग्राम छोट्या चिपमध्ये भरला. दिवा लुकलुकला. आधीचं पुसलं गेलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. धून मोठीतच असणार.

तरी छोटी चिप कशाला, हे विचारायला तिनं दुकानात फोन लावला. अब्बांच्या हाताखाली शिकलेला इमरान आता दुकान बघायचा.

"मोठी चिप लई विसरभोळी, आपा. लाईट गेली की पार कोरी. आली की छोटी तिला पयल्यापास्नं सगळं सांगती."

"छोटी पुसली, इमरान. मीच पुसली."

समीनानं बोर्डावरच्या मोठ्या चिपकडे पाहिलं.

"मोठीतून परत काढता येईल?"

"त्या बोर्डावर तशी सोयच न्हाई. चाचांनी दुसरी प्रत बी ठेवली न्हाई. आता वाजतीय ती नुसती लाईट हाय म्हणून. बंद करू नका. म्या बॅटरी घिऊन निगालोच."

दुपारचं लोडशेडिंग जवळ आलं होतं. इमरान त्याआधी पोचेल का? बॅटरी जोडली तरी किती दिवस? अम्मी ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्पीकरवरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"म्हंजी ही पिन काढली की संपलं?"

"कायमचं, अम्मी. हात नको लावूस."

अम्मीनं पुढे येऊन भिंतीतल्या सॉकेटमधून पिन काढली. बोर्डावरचा दिवा विझला.

"अम्मी! अब्बांची होती ती!"

"म्हाईत हाय," अम्मी म्हणाली. पिन तिच्या हातातच होती. "तू भाईर जाऊन सारखी दाबतीस. दर बारीला म्या हातातलं टाकून दारात येते. दारात तू असतीस."