सासूबाईंच्या झोपेचा आलेख

सून घरात राहिली तर सासूबाईंचा काय काय फायदा होता, हे साऱ्या जिन्याला तोंडपाठ होतं. दोन वेळा डोळ्यांत औषध घालायला हात होता. ताटात गरम जेवण होतं. संध्याकाळी कामावरून येऊन दाराबाहेर थांबणारी पावलं होती. शिवाय ऐकून घेणारं माणूस होतं, आणि सासूबाईंकडे सांगण्यासारखं रोज काहीतरी असायचंच.

"आज पुन्हा स्वप्नात आला होता," त्या सकाळच्या चहाला म्हणायच्या.

सुनेचा कप ओठांपाशी थांबायचा. "काय म्हणाला?"

"काही नाही गं. ओलाचिंब होता. टॉवेल मागितला."

मुलाचं जहाज बुडून तीन वर्षं झाली होती. बरोबरच्या सगळ्यांचे देह सापडले, त्याचा तेवढा नाही. तेवढ्याशा फटीत सून पाय रोवून उभी होती.

ती झोपेच्या दवाखान्यात कामाला होती. तिथे रात्री रोग्याच्या डोक्याला तारा लावत आणि यंत्र त्याची झोप टिपून घेई. सकाळी सून त्या रेघा वाचायची: कुठे जाग, कुठे गाढ झोप, कुठे स्वप्न. तारा लावणारा तंत्रज्ञ विधुर होता, मितभाषी होता, आणि त्याने तिला दोनदा लग्नाचं विचारलं होतं. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं तारवाला.

"जा बाई तू," त्या म्हणायच्या. "तारवाला चांगला आहे. माझं काय, आज आहे उद्या नाही."

"तो येतोय ना तुमच्याकडे? मग आहे कुठेतरी. येऊ दे, मग बघू."

"जा म्हणते आणि सकाळी दोरी ओढते," शेजारीण म्हणायची. "पक्की आहे म्हातारी."

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंनी एकदा जाहीर केलं होतं, "आता नाही येत तो." सून आठ दिवस धड जेवली नाही. नवव्या दिवशी तो पुन्हा येऊ लागला. शेजारणीच्या मते म्हातारीने स्वतःचा भाव वाढवून घेतला.

मग सासूबाईंनीच टूम काढली. घोरण्याची तपासणी करायची.

"आई, तुम्ही घोरत नाही."

"तुला काय माहीत? तू पलीकडच्या खोलीत. आणि वाचणार कोण, तूच ना?"

"मीच. पण आलेख कोणाचा ते मला कळत नाही. नुसता क्रमांक असतो. नाव आधी दिसलं की डोळा लबाडी करतो."

"बरंय की," सासूबाई म्हणाल्या.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून दवाखान्यात पोचली, तेव्हा तारवाला त्यांच्या केसांतला चिकट लेप पुसत होता. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता, पण आवाज खणखणीत होता.

"आला होता गं! आज स्पष्ट बोलला. तिला म्हणावं, कोणा तारवाल्याबिरवाल्याच्या नादी लागू नकोस. घर सोडू नकोस. मी येतोय."

तारवाल्याचा हात थांबला. सुनेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सासूबाईंच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली.

"केव्हा आला? पहाटे?"

"पहाटेच. चांगला तासभर होता."

त्या दिवशी पाच आलेख होते. चौथ्याला ती अडली. आठ तास अंथरुणात, आणि आठही तास जाग. स्वप्न सोडाच, झोपेचं एक मिनिटही नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग लिहिलं, 'झोप शून्य. स्वप्न शून्य.' खाली सही केली, आणि नियमाप्रमाणे नावांची यादी उघडली.

दुपारीच ती घरी आली. चप्पलही काढली नाही.

"तुम्ही काल डोळासुद्धा मिटला नाहीत."

सासूबाईंनी पदर सावरला.

"तीन वर्षं? सगळंच रचलेलं? टॉवेलसुद्धा?"

"तू गेलीस तर मी एकटी पडले असते."

"मी तुमच्या शब्दावर श्वास घेत होते, आई! खरं सांगा. मेलाय ना तो?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मेलाय," त्या म्हणाल्या.

सुनेने एक बॅग भरली आणि ती मैत्रिणीकडे गेली. जिन्यात शेजारीण म्हणाली, "मी म्हटलंच होतं." चार दिवसांत सून तारवाल्याला हो म्हणाली.

पाचव्या दिवशी तारवाला तिची राहिलेली ट्रंक न्यायला आला.

"ती नाही आली?"

"तुमचं तोंड पाहायचं नाही म्हणते."

"ठीक आहे. ट्रंक माळ्यावर आहे, थांब, मी एका बाजूने धरते."

"राहू द्या." मग त्याला राहवेना. "मावशी, माझ्याबद्दल काहीही बोलला असतात तरी चाललं असतं. पण तिच्याशी असा खेळ?"

सासूबाईंनी ट्रंकेला हात घातला, तशी त्यांची बाही मागे सरकली. कोपरापासून वर, आतल्या बाजूने, सगळा दंड काळानिळा होता.

"हे काय?"

"झोप येत होती रे," त्या बाही ओढत म्हणाल्या. "पहाटे तर फारच. चिमटे काढून काढून जागी राहिले. तुझ्या यंत्राला दुसरं काय पटलं असतं?"

तारवाल्याने ट्रंकेवरचा हात काढला.

"म्हणजे ती स्वप्नं..."

"तिला बोलू नकोस. आहे त्या पावली ट्रंक घेऊन परत येईल वेडी. तुझ्या पोटात ठेव, जन्मभर."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "अजून येतो?"

"रोज. आज विचारत होता, ती कुठे दिसत नाही."

"मग?"

"आधी तिच्याशी खोटं बोलले, आता त्याच्याशी," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, कामावर गेलीय. येईल संध्याकाळी."