तारेत ओवलेले थर्मोस्टॅट

ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला आणि गुरुसिद्ध मिस्त्रींनी पान्याला हात घातला. "रेडिएटरचं पाणी ऑइलमधी शिरलंय. इंजिन खोलाय लागंल."

गाडीवाला कृष्णात तिथल्याच टायरवर मटकन बसला. गगनबावड्याला पावणं नेऊन आणूनच त्याचं घर चालायचं. इंजिन खोललं की पंधरा दिवस धंदा बंद. पण शाहूपुरीत चाळीस वर्षं ज्यांचा शब्द चालला, त्यांच्यापुढं तो काय बोलणार?

बोलली ती शिवलीला, मिस्त्रींची लेक. "दादा, रेडिएटरात पाणी कमी हुतंय?"

"थेंबभर न्हाय, ताई."

"मग ऑइलमधी शिरलं कुठनं, अप्पा?"

मिस्त्रींना राग आला. प्रश्न बरोबर होता आणि तो आपल्याला सुचला नाही, याचाच राग जास्त होता.

"आणि टेंपरेचरचा काटा?" तिनं विचारलं.

"घाट चढला तरी तळालाच," कृष्णात म्हणाला.

"इंजिन तापतच न्हाय, अप्पा. इंजिनात वाफ धरतीच, ऑइल तापलं की ती उडून जाती. गार ऑइलात ती तितंच ऱ्हाती, तिचाच ह्यो फेस. ह्याचा थर्मोस्टॅट कुठं हाय?"

उत्तर भिंतीवर लोंबत होतं. उन्हाळा आला की इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा, पाण्याला वाट मोकळी करायची, ही मिस्त्रींचीच युक्ती. काढलेले सगळे तारेत ओवून खिळ्याला अडकवलेले. शेवटचा कृष्णातच्या गाडीचा.

मिस्त्रींनी तो सोडवला, चहाच्या पातेल्यात नुसतं पाणी उकळलं आणि त्यात सोडला. तिघंही वाकून बघत राहिले. पितळी झडप हळूच उघडली. पातेलं खाली उतरवलं, पाणी निवत गेलं, तशी ती आपसूक मिटली. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं, तापलं की सोडायचं. ना कुणी सांगणारा, ना कुणी बघणारा. एवढा इमानी गडी आपण भिंतीला टांगून ठेवला! मिस्त्रींना भरून आलं.

"कृष्णात, इंजिन खोलायचं न्हाय," ते म्हणाले. "ऑइल बदलतो, ह्यो जिथला तिथं बसवतो. सांजच्याला गाडी घिऊन जा. चूक गाडीची न्हाय, माझी हाय."

मिस्त्रींच्या तोंडून हा शब्द शाहूपुरीत कुणी ऐकला नव्हता.

मिस्त्रींनी खिळ्यावरची तार उतरवली. एकेका थर्मोस्टॅटवर बोट ठेवत गेले. "ह्यो बिद्रीच्या विजयसिंहांच्या जीपचा. ह्यो धैर्यशीलच्या व्हॅनचा." मग अख्खी तार लेकीच्या हातात दिली. "फोन लाव एकेकाला. गाडी घिऊन या म्हणावं."

"कोण बोलवतंय म्हणून सांगू, अप्पा?"

"सांग की, शिवलीला मिस्त्री बोलतीया."